डावी बाजू मंद

पहिला जोड परत आला तेव्हा मला नुसता राग आला. भीती नंतर आली, आणि आली ती मुक्कामालाच आली.

आमच्या कारखान्यात हेडफोन बनतात. कारखाना आपला म्हणायचा, तीन खोल्या आणि एक जिना. पण माल असातसा नाही. एखादा माणूस स्कूटर घेईल तेवढ्या पैशात आमचं गिऱ्हाईक कानाला लावायची वस्तू घेतं आणि वर मालकांचे आभार मानतं. मी त्यात गाद्या शिवते. कानाभोवती बसणारं मऊ कातड्याचं कडं असतं ना, ते. टाका जरा सैल पडला की तिथून हवा निसटते, आणि हवा निसटली की आवाजातलं सगळं वजन जातं, उरतं ते चिरकं. गादी म्हणजे उशी नव्हे, हे मी नव्या आलेल्या प्रत्येकाला ऐकवते, कोणी विचारलं नाही तरी.

माझ्या आधी काम असतं मास्तरांचं. मास्तर पडदे बसवतात. पडदा म्हणजे थरथरून आवाज काढणारी चकती, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. मास्तरांच्या टेबलावर एक लाकडी डोकं आहे, त्याच्या दोन्ही कानांत माईक. त्याला हेडफोन घातला की कॉम्प्युटरवर दोन रेघा उमटतात, एक डाव्या बाजूची, एक उजव्या. रेघा एकमेकींवर बसल्या की जोड बरोबर. मग मी गाद्या चढवायच्या, आणि सगळ्यात शेवटी जोड जायचा आक्कांकडे.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतात. म्हणजे खरं तर आम्हीच त्यांच्याकडे राहतो, कारण घरात चालतं ते त्यांच्या कानाचं राज्य. मिक्सर लावायचा तर आधी "लावू का?" विचारायचं, मग त्या गॅलरीत जाऊन दार ओढून उभ्या राहणार. दार आपटायचं नाही, ताट आदळायचं नाही. आमचे हे शिंक आली तर पळत बाथरूममध्ये जातात. मला काही ती शिस्त जमली नाही. मी मुळातच मोठ्याने बोलणारी. आक्का म्हणायच्या, "अगं बाई, मी समोर बसलेय, पलीकडच्या गावात नाही."

पूर्वी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. नुसत्या "हॅलो"वरून पलीकडचा माणूस उभा आहे की बसलाय ते सांगायच्या. तिथे माणसांच्या जागी यंत्रं आली आणि आक्का घरी बसल्या, तेव्हा आमच्या मालकांनी त्यांना शोधून काढलं. कारखान्याचे फोन वर्षानुवर्षं आक्काच जोडून देत असत. मालकांनी त्यांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं, तरी ते घरी आले आणि म्हणाले, "माझ्या मालावर शेवटचा कान तुमचा पाहिजे." एकदा मशीनने पास केलेला जोड आक्कांनी परत पाठवला, उजवीकडे काहीतरी कुजबुजतंय म्हणून. उघडून बघितलं तर पडद्यावर मास्तरांच्या दाढीचा केस! तेव्हापासून आमच्याकडे मशीन म्हणेल ते मत आणि आक्का म्हणतील तो निकाल.

त्यांची ऐकायची खोली मला कधीच आवडली नाही. भिंतींना जाड गाद्या, खिडकी नाही. दार लावलं की आपण आवंढा गिळलेलाही आपल्याला ऐकू येतो. नोकरीला लागले तेव्हा त्यांनी मला एकदा तिथे बसवलं आणि एक भारीतला जोड माझ्या कानांवर चढवला. एक बाई गात होती, साथीला एकच व्हायोलिन. पण गाण्याच्या आधी मला तिचे ओठ उघडलेले ऐकू आले. मग तिने श्वास घेतला. मग सूर लागला, तो थेट माझ्या कपाळाच्या मधोमध, आणि तिथून निघून कुठल्यातरी लांबच्या भिंतीला टेकून परत आला. व्हायोलिनवाला उजवीकडे, तिच्याहून जरासा मागे. त्याची खुर्ची करकरली. मी हेडफोन ओरबाडून काढला आणि मागे वळून बघितलं.

आक्का पोट धरून हसल्या. "घाबरलीस?"

"मग काय करू? माझ्या डोक्यात माणसं आणून बसवलीत तुम्ही!"

"ती बाई मधोमध बसली पाहिजे," त्या म्हणाल्या. "तसूभर इकडे नाही, तसूभर तिकडे नाही. ती मधे बसली की जोड पास. एवढंच माझं काम." आणि त्यांनी मला त्यांचा एक नियम शिकवला, जो त्या सगळ्यांनाच शिकवायच्या. एका बाजूला आवाज कमी वाटला तर हेडफोन उलटा घालायचा, डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. कमीपणा दुसऱ्या बाजूला गेला तर दोष हेडफोनचा. नाही गेला, तर जाऊन कानातला मळ काढून ये.

तर तो जोड परत आला. त्याला चिठ्ठी, 'डावी बाजू मंद'. डावी मंद म्हणजे डावी गादी हवा सोडतेय, म्हणजे चूक माझी. मुकाट्याने उसवली, पुन्हा शिवली. पुन्हा परत. दुसरा जोड गेला, तोही परत, तीच चिठ्ठी. तिसऱ्याला माझं डोकं फिरलं. मी सरळ खोलीत गेले.

"आक्का, माझ्या टाक्यात बोट घालून दाखवा कुठे हवा निसटते ते."

"मला बोट घालायची गरज नाही. मला ऐकू येतंय."

"नाचता येईना अंगण वाकडं!" मी म्हटलं आणि दार आपटायचं होतं म्हणून आपटलं.

जागेवर आले आणि रागारागात एक युक्ती केली. त्या जोडाला सुईसुद्धा लावली नाही. फक्त गाद्यांची अदलाबदल केली, डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. खोट गादीत असेल तर आता उजवी बाजू मंद निघायला हवी. जोड पाठवला आणि वाट बघत बसले. चिठ्ठी आली, 'डावी बाजू मंद'.

मला कोण आनंद झाला! जोड घेऊन मी मास्तरांकडे गेले आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. "घ्या. माझ्या गाद्या सुटल्या यातून. आता तुमचे पडदे बघा."

मास्तरांनी जोड लाकडी डोक्याला घातला. दोन रेघा उमटल्या, अगदी एकमेकींवर. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मशीन म्हणतंय बरोबर आहे."

"मग आक्का?"

"आक्का म्हणतायत तर असेल काहीतरी," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मग त्यांनी खणातून दुसरा पडदा काढला, जरा जास्त जोराचा, आणि तो डाव्या बाजूला बसवला. आता कॉम्प्युटरवरच्या रेघा एकमेकींपासून फटकून गेल्या. मी म्हटलं, "अहो, हे काय?" तर म्हणाले, "राहू दे. आक्कांना हवाय तसा देऊ." मी गाद्या चढवल्या. मला वाटलं, आपल्याला काय त्याचं, कटकट मिटली.

थोड्या वेळाने ऐकायच्या खोलीचं दार उघडलं. कामाच्या वेळात आक्का सहसा बाहेर येत नाहीत. पण आल्या, तोच जोड हातात घेऊन, आणि चेहरा असा फुललेला की बघत राहावं. गेले काही दिवस घरी त्यांची नुसती चिडचिड चालली होती. जेवायच्या टेबलावर कोणी काही बोललं की "नीट बोला, तोंडात काय आहे?" म्हणून अंगावर यायच्या. तो सगळा ताण त्या क्षणी उतरला होता.

"हा बघ! याला म्हणतात जोड. बाई कशी मधोमध बसलीये!"

मलाही इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. भांडण विसरले. "आणा, मलाही ऐकू द्या," म्हटलं आणि खोलीत जाऊन त्यांच्या खुर्चीत बसले.

बाई मधोमध नव्हती. ती पार माझ्या डाव्या कानाशी येऊन बसली होती, खांद्यावर हनुवटी टेकवल्यासारखी. उजवीकडे लांब व्हायोलिन एकटंच वाजत होतं आणि मधे काहीच नव्हतं. बहिऱ्यालाही कळलं असतं. मी डोळे उघडले. समोर आक्का उभ्या, हसत, माझ्या तोंडाकडे बघत.

"काय? बसली ना मधे?"

 कानात ती बाई गातच होती.

"छान आहे," मी म्हटलं.

बाहेर येऊन शिलाई मशीनवर बसले, पण सुईत दोरा जाईना. चांगला जोड त्यांना वाकडा वाटतो. वाकडा जोड त्यांना सरळ वाटतो. मग वाकडं काय आहे? गादी नाही, पडदा नाही. उरलं काय? मी मघाशी तावातावाने जी म्हण तोंडावर मारून आले होते ती आठवली आणि वाटलं, जीभ झडो माझी.

मग एकेक दिसायला लागलं. जन्मभर फोन डाव्या कानाला लावणाऱ्या आक्का हल्ली तो उजव्याला लावत होत्या. परवा मी न विचारता मिक्सर लावला, तर त्या तिथेच, मिक्सरकडे डावी बाजू करून पेपर वाचत राहिल्या, आणि मी मूर्ख खूश झाले की बाई सुधारल्या!

मी मास्तरांपाशी गेले. "तुम्हाला माहीत होतं."

"शंका होती."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणाला बोलू? त्यांना? काय म्हणू, तुमचा कान गेला?" मास्तरांनी हातातला चिमटा खाली ठेवला. "तू घरची आहेस. तू बोल."

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची ती शेवटी माझ्याच हाताने. मला खोटं कशाला सांगू, मी आधी पाणी प्यायले, मग जिन्यात जाऊन उभी राहिले, मग परत पाणी प्यायले. एवढी मी भांडखोर, पण त्या दारावर टकटक करताना मला घाम फुटला होता.

"आक्का, एक काम करा. हा जोड उलटा घाला."

"काय?"

"उलटा घाला. डावा उजवीकडे."

"मला शिकवतेस?"

"तुम्हीच शिकवलंय."

 जोड मांडीवर घेऊन त्याच्या पट्टीवरून अंगठा फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "दार लाव."

मी दार लावलं. त्या खोलीतली ती शांतता पुन्हा अंगावर आली.

"सकाळी उठले आणि कान भरल्यासारखा वाटला," आक्का म्हणाल्या. "आंघोळीचं पाणी जातं ना, तसा. म्हटलं निघेल. मान वाकडी करून लंगडी घातली, या वयात. बाथरूममध्ये, दाराला कडी लावून. थेंब घातले. शेक घेतला. रोज वाटतं, उद्या मोकळा होईल."

"रोज? किती दिवस झाले? आणि उलटा घालून का नाही बघितलात?"

"बघितलं असतं तर कळलं असतं ना गं."

 त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता त्यांनी हेडफोन उचलला, उलटा केला आणि घातला. गाणं सुरू केलं. मला काही ऐकू येत नव्हतं, मी फक्त त्यांचं तोंड बघत होते. आधी भुवया वर गेल्या. मग त्यांनी डोळे मिटले, डावी गादी हाताने कानावर दाबली, अजून दाबली. मग दोन्ही हात खाली आले.

"बाई कुठेय?" मी विचारलं.

"उजवीकडे. सगळीच्या सगळी उजवीकडे." त्यांनी हेडफोन काढला. "डावीकडे कोणी नाहीच."

"चला. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे."

"कोणाला सांगू नकोस."

"सांगू नकोस काय! कान आहे तो, झाकून ठेवायला काय मूठ आहे सव्वा लाखाची? इतके दिवस लंगडी घालत बसलात! लहान आहात का?"

"हळू बोल," त्या सवयीने म्हणाल्या. आणि मग एकदम माझं मनगट धरलं.  "मला भीती वाटते गं. माझ्याकडे दुसरं आहे काय?"

मीही घाबरले होते, पण दोघींनी घाबरून कसं चालेल म्हणून त्यांच्यावर ओरडत राहिले. दवाखान्यात फोन केला, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली वेळ दिली.

सकाळी बसमध्ये आक्का खिडकीशी बसल्या, मी त्यांच्या डावीकडे. मला गप्प बसवेना. वाटेभर बोलत होते. मळच असेल, माझ्या मावशीलाही असंच झालं होतं, पिचकारी मारली की खडा बाहेर पडतो, डॉक्टर हसतील आपल्याला. आक्का खिडकीबाहेर बघत होत्या. हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, काल ओरडले म्हणून अबोला धरलाय. धरू दे, म्हटलं, चालतात तर आहेत ना बरोबर.

डॉक्टरांनी दिवा लावून कानात बघितलं. कानातून मळ निघावा म्हणून आजवर कोणी देवाला साकडं घातलं नसेल, मी घातलं. डॉक्टर म्हणाले, "कान स्वच्छ आहे." मी विचारलं, "मग चांगलंच ना?"  त्यांनी कधी सुरू झालं ते विचारलं, आक्कांनी सांगितलं, तेव्हा ते लिहायचे थांबले. "आधी ऐकण्याची तपासणी करून या. लगेच. उशीर आधीच झालाय." 

तपासणीची खोली आमच्या ऐकायच्या खोलीसारखीच, फक्त काचेची खिडकी असलेली, आणि माणूस जेमतेम मावेल एवढी. आक्का आत खुर्चीवर बसल्या. तपासणाऱ्या मुलीने त्यांच्या हातात एक बटण दिलं आणि डाव्या बाजूला उभी राहून समजावायला लागली. बारीक सूर येतील, सूर आला की बटण दाबायचं. आधी उजवा कान, मग डावा. डाव्याच्या वेळी उजव्यात वाऱ्यासारखा आवाज सोडू, तो उजव्याला गुंतवून ठेवायला, त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही. मी दारातून ऐकत होते. आक्का मात्र तिथला हेडफोन हातात घेऊन उलटसुलट बघण्यात दंग.

"या गाद्या कोणी शिवल्या?" त्या मला म्हणाल्या. "हवा निसटणार यातून."

मला हसू आलं. म्हटलं, आहेत आपल्या आक्का अजून जाग्यावर.

दार बंद झालं. मुलीच्या यंत्रावर एक छोटा दिवा होता, आक्कांनी बटण दाबलं की तो लागायचा. उजवा कान सुरू झाला. दिवा लागला, पुन्हा लागला, पटापट लागत राहिला. मुलगी आवाज खाली खाली आणत होती तरी दिवा लागतच होता. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "उजवा फारच छान आहे यांचा." मी म्हटलं, "तेच तर त्यांचं काम आहे," आणि उगाच ताठ बसले.

मग तिने डावी बाजू घेतली. यंत्र दाबलं. दिवा लागला नाही. तिने आवाज वाढवला, पुन्हा दाबलं. काचेपलीकडे आक्का ताठ बसलेल्या, डोळे अर्धे मिटलेले, अंगठा बटणावर तयार. त्यांच्या खोलीत बसतात तश्शाच. आवाज वाढला. दिवा नाही. माझं लक्ष त्या अंगठ्यावर. दाबा ना आक्का, मी मनात म्हणत होते, खोटं दाबा, पण दाबा. मुलीने दुसरा सूर घेतला, मग तिसरा, प्रत्येक वेळी हात वर वर जात होता. शेवटी आवाज टोकाला टेकला, त्यापुढे यंत्र जात नव्हतं. आक्कांच्या अंगठ्याने हूं की चूं केलं नाही. काल त्यांना डावीकडे निदान थोडंफार तरी ऐकू येत असणार, नाहीतर तो वाकडा जोड सरळ कसा वाटला असता? आणि मग मला बस आठवली. वाटेभरची माझी बडबड, त्यांच्या डाव्या कानाशी. अबोला नव्हता तो.

मुलीने कागदावर काहीतरी नोंदवलं, यंत्र बंद केलं आणि जाऊन दार उघडलं. आक्का तिने सांगायची वाट न बघता उठल्या, केस सारखे करत बाहेर आल्या. चेहरा शांत. बसमधून उतरलो तेव्हापेक्षा कितीतरी बरा.

"उजवा चांगला झाला ना? वाटलंच मला," त्या मुलीला म्हणाल्या. "पण बाई, नंतर मधेच त्या बाजूला नुसता वारा सुटला होता. किती वेळ! तुमची वायर कुठेतरी सैल आहे, बघून घ्या एकदा." मग त्यांनी बाहेरच्या बाकावर बसकण मारली आणि पिशवी मांडीवर घेतली. "सावकाश करा दुरुस्त, मला घाई नाही. डावा कधी घेणार?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. जन्मभर मोठ्याने बोलणारी मी, तिथून ओरडले नाही. मी उठले, बाकाला वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला गेले आणि खाली वाकून म्हटलं, "आक्का, डावा झाला."